राहीबाईंच्या टीव्हीची उत्तरपूजा

पाणंदवाडीच्या राहीबाईंनी आपला जुना टीव्ही नदीत विसर्जन करायचं ठरवलंय, ही बातमी अवधूतला कळली तेव्हा त्याच्या तोंडात गरम चहा होता. तो त्यानं तसाच गिळला आणि जीभ पोळून घेतली.

बातमी आणणारा कुणी ऐरागैरा नव्हता, खुद्द राहीबाईंचा मुलगा सयाजी होता. सयाजी पलटणीत हवालदार. गणपतीला सुट्टी काढून आला होता आणि येताना कॅन्टीनमधून घेतलेला रंगीत टीव्ही सांभाळत साताऱ्याला गाडीतून उतरला होता. तो जोडून द्यायला अवधूतनं वाडीला यावं, एवढंच सांगायला तो त्याच्या आष्ट्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आला होता. जाता जाता म्हणाला, "आन् जुना टीव्ही चतुर्दशीला गणपतीसंगं डोहात सोडायचाय. ट्रॅक्टर सांगितलाय. लेझीमचं मंडळ बी येनार हाय."

"डोहात? टीव्ही?"

"आईची आर्डर हाय, गड्या. म्या दुश्मनाला आडवा जाईन, पर आईला न्हाई."

आता एवढ्यावरून राहीबाईंना कुणी खुळ्यात काढू नये. गोष्ट शहाण्णव सालची. त्याआधी नऊ वर्षं तो टीव्ही वाडीत आला, तेव्हा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. काळा-पांढरा, लाकडी पेटीचा, पुढं सरकती दारं. रविवारी सकाळी देवांची मालिका लागायची. राहीबाई आंघोळ करून, टीव्हीला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून मगच बटण दाबायच्या. चपला बाहेर. देव दिसले की बायका पदर पसरायच्या आणि अक्षता टाकायच्या. त्यातल्या निम्म्या मागच्या जाळीतून आत जायच्या, आणि टीव्ही दर दोन महिन्यांनी बंद पडायचा. अवधूतचं दुकान त्या तांदळांवर उभं राहिलं, असं त्याचे मित्र म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं.

आणि त्याच टीव्हीत एका सव्वीस जानेवारीला, दिल्लीच्या संचलनात सयाजी दिसला होता. मोजून चार सेकंद. वाडी त्या चार सेकंदांवर अजून जगत होती. कुणी सांगायचं, सयाजीची मिशी हलली. कुणी सांगायचं, त्यानं बरोबर आईकडं बघितलं. राहीबाई तर त्याच्या बुटांच्या पॉलिशचंसुद्धा वर्णन करायच्या. सगळ्या वाडीत न बघितलेला एकच माणूस होता, तो म्हणजे अवधूत. त्या दिवशी वारं सुटलं होतं, अँटेना फिरत होता, म्हणून तो पत्र्यावर चढून दोन्ही हातांनी पाइप धरून उभा होता. खालून "दिसला, दिसला!" अशी आरोळी उठली आणि वर हा बापडा "मला बी दावा की रं!" म्हणत राहिला. ही गंमत तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

दुसऱ्या दिवशी अवधूत वाडीला गेला. रंगीत टीव्ही जोडून दिला. राहीबाईंनी तो दोन मिनिटं बघितला, "लय भडक हाय, पर बरा हाय," म्हणाल्या, आणि चहा ठेवला. कोपऱ्यात चित्र मंद झालेला जुना टीव्ही झेंडूचा हार घालून बसला होता. शेजारी गणपती.

"आक्का," अवधूतनं सुरुवात केली, "त्यो टीव्ही बुडायचा न्हाई. पिक्चर ट्यूब आतनं मोकळी असती, हवा बी नसती आत. तरंगत तरंगत सांगलीच्या पुलाला जाऊन लागंल."

"गनपती बी आदी तरंगतोच. दोन बुड्या दिल्या की जातोय."

"आवं, दगडावर आपटली तर बॉम्बगत फुटती ती. डोहात पोरं पवत्यात. काचा पायात घुसतील."

राहीबाईंनी चहा गाळता गाळता हात थांबवला. अवधूतला तेवढंच पाहिजे होतं. तो पुढं म्हणाला, "आन् काचंत शिसं असतंय, आक्का. बंदुकीच्या गोळीत असतंय त्येच. वाडीच्या नळाचा पंप कुटं हाय? त्याच डोहात."

"शिसं?" सयाजी दारातून आत आला. "ए आई, मग ह्ये काय जमायचं न्हाई."

राहीबाई खाली बसल्या. कप अवधूतपुढं सरकवला. म्हणाल्या, "मग काय करू? भंगारवाल्याला घालू? आष्ट्याच्या बाजारात बगितलंय म्या. हातुड्यानं फोडतोय, तांबं काढून घेतोय आन् काच रस्त्याकडंला फेकतोय. ज्या काचंत देव आलं, माझा सयाजी आला, तिच्यावर ल्वाकांनी पाय द्यायचा व्हय? भंगलेली मूर्ती कुनी भंगारात घालतंय का रं?"

 आयटीआयमध्ये अवधूतला पुष्कळ काही शिकवलं होतं, पण हे शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाईंचं म्हणणं त्याला चुकीचं वाटेना. चहा पिता पिता त्याची नजर गणपतीवर गेली. परवा याचीही उत्तरपूजा होणार, हातावर दही ठेवणार, मूर्ती जागेवरून बोटभर हलवणार, आणि तेवढ्यात देव आपल्या गावी जाणार. उरते ती माती.

"आक्का," तो कप खाली ठेवून म्हणाला, "उत्तरपूजा करू या."

"कुनाची?"

"टीव्हीची. देवांना रीतसर पाठवा. मग हितं ऱ्हाईल ती नुसती काच. तिची जबाबदारी माझी. कुपवाडला कारखाना हाय. ट्यूब मंद झाली की तितं तिची मान कापून आतली जुनी गन, म्हंजे चित्र पाडनारा भाग, काढत्यात, नवी बसवत्यात, हवा खेचून परत बंद करत्यात. पुढची काच तीच, पर चित्र नव्यावानी. मग ती दुसऱ्या टीव्हीत जाती."

"म्हंजे मोतीबिंदू काढल्यागत."

"आगदी तसंच!"

राहीबाईंचं दोन वर्षांपूर्वी मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळं त्यांना ते लगेच उमगलं.  त्यांनी उठून अवधूतचा हात धरला आणि गणपतीपुढच्या नारळावर ठेवला.

"सांग. काच पान्यात जानार न्हाई."

"न्हाई जानार."

"आन् तिच्यावर कुनाचा पाय पडनार न्हाई."

"न्हाई पडनार, आक्का."

"झालं तर. म्या संगं येनार कुपवाडला. ह्या डोळ्यांनी बगितल्याबिगर माझा जीव खाली पडायचा न्हाई."

चतुर्दशीला गणपतीच्या आधी टीव्हीची उत्तरपूजा झाली. लेझीमवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ते काही परत जायला तयार नव्हते, म्हणून अंगणात लेझीमही झालं. राहीबाईंनी टीव्हीवर दही ठेवलं, अक्षता वाहिल्या (शेवटच्या बऱ्याचशा आतच गेल्या) आणि पेटी बोटभर हलवली. मागून एक पाल पळाली. अवधूतनं मागचं झाकण उघडलं, ट्यूबमध्ये साठलेला करंट तारेनं उतरवला आणि मग तिच्या मानेच्या टोकाची बारीक नळी चिमट्यानं अलगद मोडली, म्हणजे हवा आत शिरावी आणि फुटण्याची भीती जावी.

"सुस्स्स," असा लांब आवाज आला.

 राहीबाईंनी हात जोडले. "गेलं गं बाई देव," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

हवा बाहेर गेली नव्हती, आत आली होती. पण ते सांगायची ही वेळ नव्हे, एवढी अक्कल अवधूतला होती. त्यानंही हात जोडले.

आतून तीन मुठी तांदूळ, एक सुकलेली बेलाची काडी आणि कुणाची तरी हरवलेली गोटी निघाली. लाकडी पेटी राहीबाईंनी सोडली नाही. तिचा त्याच संध्याकाळी देव्हारा झाला, सरकत्या दारांसकट. तांब्याची वेटोळी आणि ट्रान्सफॉर्मर अवधूतनं सांगलीच्या वाइंडिंगवाल्याकडं पोचवले. ट्यूब तेवढी राहिली. तिच्या पाठीवर त्यानं राहीबाईंच्या देखत लाल रंगानं "राहीबाई" असं लिहिलं, म्हणजे दुसऱ्या ट्यूबांत मिसळायला नको.

दोन दिवसांनी दोघं स्कूटरवरून कुपवाडला निघाले. राहीबाई मागं आडव्या बसल्या होत्या आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेली ट्यूब होती. खड्डा आला की त्या अवधूतच्या पाठीत कोपर मारायच्या. कुपवाडला पोचेपर्यंत त्याच्या पाठीला सगळ्या खड्ड्यांची नोंद झाली होती.

कारखान्याचे मालक लालासाहेब भला माणूस. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या मंद झालेल्या ट्यूबा त्यांच्याकडंच यायच्या. त्यांनी राहीबाईंना खुर्ची दिली, भट्टी दाखवली, मान कापायचं यंत्र दाखवलं, नवी गन हातात दिली. राहीबाई खूश. अवधूतची छाती फुगली. "सहा वर्सं ट्यूबा आनतोय हितं," तो म्हणाला, "काय बी वाया जात न्हाई."

"हात धुवाया पानी कुटं हाय?" राहीबाईंनी विचारलं. कुणीतरी मागच्या बाजूला बोट दाखवलं. ट्यूब घेऊनच त्या मागं गेल्या.

बराच वेळ झाला तरी परत येईनात, म्हणून अवधूत बघायला गेला. सहा वर्षांत तो मागच्या बाजूला पहिल्यांदाच जात होता.

मागं ओढा होता. आणि कुंपणापासून ओढ्याच्या पाण्यापर्यंत काचच काच. फुटक्या माना, चिरलेले पडदे, दुरुस्तीला न जमलेल्या ट्यूबांचा उतारावर सांडलेला ढीग. खालून धुळा नावाचा एक धनगर मेंढरं घेऊन ओढा ओलांडत होता. त्याच्या पायाला फडकं बांधलेलं होतं.

"काय झालंय रं पायाला?" राहीबाई त्याला विचारत होत्या.

"काच गेली न्हवं का. दर म्हयन्याला कुनाला तरी जातीच. मेंढराला न्हाईतर मला."

राहीबाई वळल्या. त्यांनी ट्यूबभोवतीची गोधडी घट्ट ओढली.  नारळावर हात ठेवताना आपण पुढच्या दारापुरतंच बोललो, हे अवधूतला त्या क्षणी कळलं, आणि त्याला अतिशय लाज वाटली. लोकांना शिसं समजावून सांगणारा शहाणा, आणि त्याच्याच आणलेल्या ट्यूबांची काच इथं पाण्यात.

"चल," राहीबाई म्हणाल्या. "आपली नदीच बरी. तिला निदान म्या आई म्हनते."

"आक्का, थांबा. जरा थांबा."

तो लालासाहेबांकडं गेला. लालासाहेब आधी हसले, मग चिडले. "अरे, दहातल्या दोन-तीन ट्यूबा जमत नाहीत, त्यांची काच मी ठेवू कुठं? डोक्यावर? एक काच कारखाना घेतो परत वितळवायला, नाही असं नाही. पण पुढची काच वेगळी, मागची वेगळी, पोत्यात भरून पाठवा म्हणतो. नवा माल घेऊन येणारा ट्रक रिकामाच परत जातो तिकडं. पण निवडत कोण बसणार?"

"ट्रक रिकामा जातोय?" अवधूत म्हणाला.

"जातो."

"मग आता भरून जाऊ दे. न्हाईतर माझी एक बी ट्यूब हितं यायची न्हाई. आन् इस्लामपूरपास्नं साताऱ्यापातुर सगळ्या मेकॅनिकांना मी हा ओढा दावायला घेऊन येईन."

असं तडातडा बोलायचा अवधूतचा स्वभाव नव्हता. लालासाहेब चकित झाले, पण नमले नाहीत. "बघू सवडीनं," म्हणून आत निघून गेले.

हे "बघू सवडीनं" राहीबाईंनी ऐकलं. त्यांनी पुढच्या फाटकाबाहेर सावली बघितली, मांडी घातली आणि ट्यूब मांडीवर घेऊन बसल्या. "मला बी सवड हाय," एवढंच म्हणाल्या.

दुपार झाली. लालासाहेबांनी चहा पाठवला, तो परत आला. पाळी बदलायची वेळ झाली आणि आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार सायकली, लुना, स्कूटरी घेऊन येऊ-जाऊ लागले. म्हातारी बाई, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. जो तो थांबायचा.

"आज्जी, बाळ आजारी हाय का?"

"बाळ न्हवं, टीव्ही हाय."

मग सगळी हकिकत पहिल्यापासून. देव, अक्षता, सयाजीचे चार सेकंद, नारळ, ओढा, धुळाचा पाय. राहीबाईंना सांगायचा कंटाळा नव्हता आणि दर खेपेला गोष्ट थोडी वाढत होती. पाच वाजेपर्यंत फाटकापुढं जत्रा भरली. माणसं मागं जाऊन ओढा बघून येऊ लागली. लालासाहेबांचेच दोन कामगार येऊन राहीबाईंच्या शेजारी बसले, तेव्हा मात्र मालक बाहेर आले.

"आजी," ते हात जोडून म्हणाले, "उठा आता. पुढच्या रविवारी काच उचलायला लागतो. शब्द देतो."

"नारळ हाय का?" राहीबाईंनी विचारलं.

नारळ आणला. लालासाहेबांनी त्यावर हात ठेवला. मगच राहीबाईंनी चहा घेतला, आणि तोही साखर कमी आहे म्हणून परत पाठवून दुसरा मागवला.

तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी सयाजी आला. त्याची सुट्टी संपत आली होती, पण त्यानं सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, पायात बूट आहेत का बघितलं, हातांना पोत्याची फडकी बांधायला लावली आणि पलटणीतल्यासारखे हुकूम सोडले. लालासाहेबही काचा वेचत होते. अवधूत पाण्यात उतरून गाळातल्या काचा काढत होता. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पुढची काच एका पोत्यात, मागची दुसऱ्यात. तिसऱ्या रविवारी धुळा मेंढरं घेऊन आला आणि त्यानं ओढ्यातून अनवाणी चालत जाऊन दाखवलं. पोती ट्रकवर चढली. त्यानंतर कारखान्यात दोन पिंपं कायमची बसली. एकावर "पुढची", एकावर "मागची".

राहीबाईंच्या ट्यूबचा मोतीबिंदू निघाला. चित्र इतकं स्वच्छ आलं की लालासाहेब म्हणाले, नव्याच्या तोंडात मारेल. साताऱ्यात जवानांच्या मुलांचं एक वसतिगृह होतं, तिथला टीव्ही ट्यूब गेल्यामुळं बंद होता. अवधूतनं ती तिथं नेऊन बसवली आणि राहीबाईंना कळवलं. उत्तर आलं, "सव्वीस जानेवारीला न्ये मला तितं."

सत्त्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला सकाळी दोघं एसटीनं साताऱ्याला पोचले. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत पन्नासेक मुलं-मुली मांडी घालून बसली होती. तिथल्या श्रद्धाताईंनी राहीबाईंना पुढं खुर्ची दिली. त्यांनी ती नाकारली, टीव्हीला कुंकवाचं बोट लावलं आणि पोरांत खाली बसल्या. शेजारी ओवी नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. ती पडद्यावरची नजर हलवायला तयार नव्हती.

"माझे बाबा आहेत या वर्षी परेडला," ती म्हणाली. "आज्जी, दिसतील का हो?"

"दिसतील की. ह्याच काचंत माझा सयाजी दिसलाय." राहीबाईंनी तिला जवळ ओढलं. "पर येक ध्यानात ठेव, पोरी. आदी रडायचं न्हाई. समदं झालं की मागनं रड. डोळ्यात पानी आलं की काय बी दिसत न्हाई."

"तुम्ही रडला होता?"

 राहीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पलटन आली म्हनल्याबरुबर जी रडाया लागले, ती थांबलेच न्हाई. वाडीनं सयाजी बगितला, मला नुसतं पानी दिसलं."

अवधूत मागंच बसला होता. त्यानं ऐकलं. आठ वर्षं मिशी, आठ वर्षं बुटांचं पॉलिश. 

"आक्का," तो पुढं वाकून म्हणाला, "म्हंजे तुमी बी न्हाई?"

"न्हाई रं. तू वर पायपाला धरून, म्या खाली पदराला धरून." त्या ओशाळं हसल्या. "कुनाला बोलू नगंस. सयाजीला तर आजिबात न्हाई."

तेवढ्यात चित्र हललं. बाहेर वारं सुटलं होतं. पडद्यावर पलटणी वाकड्यातिकड्या होऊ लागल्या, मग मुंग्या आल्या आणि पोरांनी एकच गलका केला. ओवीनं दोन्ही मुठी आवळल्या. डोळे मात्र तिनं कोरडे ठेवले होते.

अवधूत उठला. कुणी काही म्हणायच्या आत तो जिना चढून गच्चीवर पोचला होता. अँटेना वाऱ्यानं उत्तरेकडं फिरला होता. त्यानं तो जागेवर आणला आणि पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला. साताऱ्याचं ते जानेवारीचं वारं बोटं गोठवत होतं.

"आलं का?" तो ओरडला.

"आलं! सोडू नका!" खालून श्रद्धाताईंचा आवाज आला.

तो धरून उभा राहिला. खालून बँडचा आवाज येत होता, बुटांचा ठेका येत होता. समोर अजिंक्यतारा होता, त्याच्याकडं बघत तो वाट पाहत राहिला. आणि मग खोलीतून एक किंकाळी उठली. "बाबा! ते बघा, बाबा! दिसले, दिसले!" पाठोपाठ पन्नास पोरं ओरडली, आणि त्या सगळ्यांच्या वर एक म्हातारा आवाज चढला.

"अवधूत! ए अवधूत! ह्या टायमाला म्या बगितलं रं!"

"मिशी हाय का, आक्का?" तो वरून ओरडला.

"हाय रं! लय झोकात हाय!"

अवधूत एकटाच मोठ्यानं हसला. पलटण पुढं जाईपर्यंत त्यानं पाइप सोडला नाही.